मदत लागली नाही

आल्डरसीलच्या नगरपालिकेत लोकांसाठी एकच काउंटर होता, आणि त्या काउंटरमागे आउक्ये राइत्समा बसायची. गुरुवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, मासेवाल्याची गाडी चौकात लागली की गोसे येलेमा पांढरी काठी टेकत आत यायचा, रांगेत उभा राहायचा, आणि नंबर आला की कोटाच्या आतल्या खिशातून आठवड्याचं टपाल काढून काउंटरवर ठेवायचा.

ते वाचून दाखवणं हे काही आउक्येचं काम नव्हतं. नगरपालिकेचं पत्र असलं तर होतं, पण त्यात पाणीकंपनीचं पत्र मिसळायला लागलं, मग चर्चच्या गायनमंडळाचं, मग कॅनडातल्या चुलतभावाचं, आणि शेवटी तर बागेच्या खुर्च्या विकणाऱ्या दुकानाच्या जाहिरातीसुद्धा. गोसेला बाग नव्हती. तो कालव्याकाठी पहिल्या मजल्यावर एकटा राहायचा. दूधभुकटीच्या कारखान्यात त्यानं उमेदीची वर्षं काढली. चाळिशीत त्याला जग किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं दिसू लागलं आणि काही वर्षांत ते भोकही बुजलं. लग्न करायचं राहून गेलं होतं. कसं राहिलं असं कोणी विचारलं तर तो म्हणायचा, "विषय निघाला नाही."

आउक्ये विधवा होती, गोसेपेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान, आणि तिचा आवाज, गोसेच्या मते, ताज्या पावाच्या कडेसारखा खरखरीत होता. आल्डरसीलच्या जुन्या रीतीप्रमाणे मान द्यायचा तर समोरच्याशी तो शेजारच्या खोलीत बसल्यासारखं बोलायचं असतं. आउक्ये ही रीत पाळायची आणि तिच्या आडून गोसेची यथेच्छ सालं काढायची.

"पाणीकंपनीचं पत्र आहे. येलेमांनी या खेपेला नेहमीपेक्षा जास्त पाणी वापरलंय."

"मी काही जास्त वापरलं नाही. आंघोळ केली."

"तेच म्हणते. काहीतरी वेगळं घडलेलं दिसतंय."

मागच्या रांगेतली माणसं घसा खाकरायची. आउक्ये त्यांच्याकडे बघून म्हणायची, "सरकारी काम चाललंय." आणि कॅनडाचं पत्र उघडायची.

आता बिनउंबरा मंडळाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या मंडळानं केलं, आणि अत्यंत चांगल्या हेतूनं केलं.

मंडळाचा जन्म डाउवे सिकेमांच्या मरणातून झाला. डाउवे हे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचे हात थरथरायचे. नगरपालिकेनं नवी वेबसाइट काढली तेव्हा ते घरबसल्या कचऱ्याचा नवा डबा मागवायला बसले. बटणं एकमेकांना इतकी चिकटलेली होती की बोट शेजारच्या बटणावर पडलं, आणि पडद्यानं विचारलं, "मयत व्यक्तीशी आपलं नातं?" मुख्याध्यापकांनी शिस्तीनं तीन प्रश्नांची उत्तरं दिली आणि मगच त्यांच्या लक्षात आलं की आपण स्वतःला पुरायला निघालो आहोत. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मंडळ काढलं. संगणक, फोन, वेबसाइट, तिकिटाची यंत्रं, सगळं सगळ्यांना वापरता आलं पाहिजे. आंधळ्याला, बहिऱ्याला, कापऱ्या हाताच्याला, सगळ्यांना. हे ध्येय.

पहिल्या सभेचं निमंत्रण डाउवेंनी फार हौसेनं केलं. मागे पवनचक्कीचं चित्र, त्यावर फिकट करड्या अक्षरांत मजकूर. ते गोसेच्या फोनवर गेलं. गोसेच्या फोनला पडद्यावरचं वाचून दाखवायची सोय होती, पण चित्रातली अक्षरं त्याला कळत नसत; फोन म्हणाला, "चित्र." गोसेनं पुन्हा बोट फिरवलं. फोन म्हणाला, "चित्र." असं तीनदा झाल्यावर गोसेनं नाद सोडला. अशा रीतीनं अंधांसाठी निघालेल्या मंडळाची पहिली सभा गावातल्या एकमेव अंधाविना पार पडली. डाउवे स्वतः माफी मागायला गेले, आणि येताना त्याला सभासद करूनच आले.

तिसरी महत्त्वाची सभासद हिस्के. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला होता. ती फोनवर टाइप करायची आणि फोन बोलायचा. पण त्या फोनमध्ये मिळण्यासारखा बरा आवाज बेल्जियमच्या एका बाईचा होता. जन्मभर दलदलीत वाढलेली, रबरी बूट घालून फिरणारी हिस्के बोलायला लागली की वाटायचं, ब्रसेल्सच्या दुकानातली कोणी गोड बाई आपल्याला चॉकलेट दाखवतेय. आणि हिस्के शिव्या फार द्यायची.

मंडळाची कामाची एक पद्धत ठरलेली होती. चाचणी घ्यायची म्हणजे एकानं पडद्यासमोर बसायचं आणि नेमून दिलेलं काम करायचं. बाकीच्यांनी हात पाठीमागे बांधून, तोंड मिटून बघत राहायचं. तो अडला, चुकला, रडकुंडीला आला तरी कोणी हूं की चूं करायचं नाही. दुसऱ्याला तडफडताना बघून गप्प राहणं आल्डरसीलच्या लोकांना जन्मतःच येतं, त्यामुळे याचं वेगळं शिक्षण द्यावं लागलं नाही. काम संपलं की डाउवे विचारायचे, "मदत लागली?" आणि उत्तर "मदत लागली नाही" असं आलं की सगळे बोटांच्या पेरांनी टेबल वाजवायचे आणि बिस्किटांचा डबा दुसऱ्यांदा उघडला जायचा. आमच्याकडे कॉफीबरोबर एक बिस्किट देतात आणि डबा बंद करून कपाटात ठेवतात. तो दुसऱ्यांदा उघडणं म्हणजे काय, हे इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. "मदत लागली नाही" हे चार-पाच माणसांच्या त्या टोळक्याचं राष्ट्रगीत झालं.

हे बरीच वर्षं चाललं. मंडळ अर्ज करायचं, नगरपालिका आभार मानायची. मंडळ अहवाल पाठवायचं, नगरपालिका आनंद व्यक्त करायची. शेवटी वरून कायदा आला तेव्हा नगरपालिका खडबडून जागी झाली आणि तिनं वेबसाइट मुळापासून नव्यानं बांधली, मंडळाला विचारून, बटणागणिक. आणि मार्चमध्ये कळवलं की आता अखेरची चाचणी घ्या.

त्या आधीच्या गुरुवारी आउक्येनं चुलतभावाचं पत्र वाचून घडी घातली आणि म्हणाली, "येलेमांनी ऐकलं का? मंडळाची वेबसाइट पास झाली तर हा काउंटर बंद."

"कोण म्हणतं?"

"वरचे. सगळ्यांना सगळं घरून करता येत असेल तर मला इथे कशाला बसवायचं, म्हणतात. पासपोर्टसाठी मोठ्या गावच्या कचेरीत जायचं. वेळ घेऊन."

"मग तू काय करणार?"

"मुलगी झ्वोलेला बोलावतेय. तिला बाळ झालंय. बघू." मग नेहमीच्या सुरात, "पुढचा कोण? येलेमांचं सरकारी काम संपलं."

गोसे घरी गेला तो मासे न घेता. आता एक गोष्ट सांगून टाकतो, जी त्यानं मंडळातसुद्धा कोणाला सांगितली नव्हती. त्याच्या फोनला गेली दोन वर्षं कागदावरची पत्रंही वाचता यायची. पत्र पुढ्यात धरायचं, फोन समोर न्यायचा, की झालं. टपाल आलं की गोसे ते लगेच ऐकायचा. मग पत्र पुन्हा पाकिटात घालायचा, कडेला डिंक लावायचा, पाकीट दाबून धरायचा आणि गुरुवारची वाट बघायचा. चुलतभावाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली हे त्याला सोमवारी कळलेलं असायचं, आणि गुरुवारी तो काउंटरपाशी "अरेरे" म्हणायचा. हे "अरेरे" त्याला छान जमायचं.

चाचणी झाली ती चर्चच्या मागच्या खोलीत. नगरपालिकेचे दोघे जण भिंतीशी उभे होते. डाउवेंनी यादी वाचली: पत्ता बदलणं, कुत्र्याची नोंद, झाड तोडायची परवानगी, असं बरंच. गोसेनं कानात इअरफोन घातला आणि एकेक काम करत गेला. साइट लोण्यासारखी चालत होती. तिच्यात रुसवे नव्हते, फसवे कोपरे नव्हते. एका ठिकाणी मात्र, तक्रारीच्या पानावर, फोन जरासा अडखळला. तारीख दोनदा वाचली, एवढंच. पण गोसेचं बोट तिथे थांबलं.

इथे अडलो म्हणून सांगितलं असतं तर चाललं असतं. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा पत्रव्यवहार, शरद ऋतूपर्यंत सहज ढकलता आलं असतं. कोणाला संशय आला नसता. उलट त्याच्या बारकाव्याचं कौतुक झालं असतं. गोसेचं बोट थांबलं तसा खोलीतला श्वासही थांबला. शेजारी हिस्के बसली होती. तिच्या गळ्यातल्या नळीतून श्वासाची बारीक शीळ यायची, ती थांबलेली त्याला ऐकू आली.

हिस्केनं नवऱ्याला सोडलं तेव्हा त्याचं आडनाव कागदोपत्री काढून टाकायला ती काउंटरवर गेली होती. फोनचा तो आवाज तेव्हा तिच्याकडे नव्हता. ती चिठ्ठ्यांवर लिहीत होती, आणि मागे रांगेत नवऱ्याची आत्या उभी होती. आत्यानं खांद्यावरून प्रत्येक चिठ्ठी वाचली, आणि शेवटची तर मोठ्यानं. आउक्येनं आत्याला चांगलं सुनावलं, पण आत्याचं वाचून झालं होतं. तेव्हापासून हिस्के नगरपालिकेची पायरी चढली नव्हती. कशालाच. पडक्या कुंपणाची तक्रारसुद्धा तिनं वर्षभर केली नाही.

गोसेनं बोट पुढे सरकवलं आणि शेवटचं बटण दाबलं.

"मदत लागली?" डाउवेंनी विचारलं.

"मदत लागली नाही."

टेबल असं वाजलं की कपातली कॉफी बशीत आली. डबा दुसऱ्यांदा उघडला आणि इतिहासात प्रथमच तिसऱ्यांदाही उघडला. हिस्केनं गोसेचा हात घट्ट धरला आणि बेल्जियमची बाई मधाळ स्वरात म्हणाली, "गाढवा, मला वाटलं तू झोपलास."

इथवर गोसेचं काही चुकलं नाही. चुकलं ते पुढच्या गुरुवारी.

तो गेला तेव्हा रांग नव्हती. पावसानं बाजार लवकर आटपला होता. आउक्येनं काउंटरवर दोन कप ठेवले. त्या काउंटरवर खाण्यापिण्याला सक्त मनाई होती आणि ती मनाईची पाटी तिनंच लावलेली होती.

"येलेमांनी पास केलं म्हणे," ती म्हणाली.

"केलं. वाईट नाही झाली साइट."

"सगळं एकट्यानं?"

"सगळं. एकदाही अडलो नाही." त्याच्या अंगात अजून ते टेबल वाजत होतं.

तिनं कॉफी ढवळली. बराच वेळ ढवळली. ती कॉफीत साखर घेत नसे. मग म्हणाली, "म्हणजे आता येलेमांना माझी मदत लागणार नाही."

आणि गोसे येलेमा, बिनउंबरा मंडळाचा मुख्य परीक्षक, छाती पुढे काढून म्हणाला, "नाही लागणार. अजिबात नाही. पत्रंसुद्धा आता फोन वाचतो. त्यासाठीच तर एवढी वर्षं झगडलो आम्ही."

त्याच्या मते ही शाबासकी होती. त्या दोघांची मिळून जणू एक परीक्षा पार पडली होती आणि तो निकाल सांगत होता. मंडळात हे वाक्य उच्चारलं की माणसं उठून तुमच्या पाठीवर थाप मारायची.

"छान," आउक्ये म्हणाली. "हेच हवं होतं ना." मग तिनं शिक्का उचलला आणि कसल्याशा कागदावर मारला. एकदा मारून पुरे होतं. तिनं तीनदा मारला. "आज टपाल नाही आणलं?"

"आणलंय की."

"मग घरी फोनला द्यावं."

ती थट्टा करतेय असं समजून गोसे हसला, कॉफी प्यायला, आणि बाहेर पडला.

मे महिन्यात काउंटर बंद झाला. निरोपाला गुलाबी साखरेच्या थराचा ओरान्येकुक केक कापला. डाउवेंनी भाषण केलं, त्यात प्रगतीची चढती कमान होती आणि ती बरीच लांबली. गोसेनं आउक्येचा हात हातात घेतला; तिचा हात गार होता. "मजेत राहावं," ती म्हणाली. "तूही," तो म्हणाला. बोलायचं खूप होतं, पण मागे रांग होती. नेमक्या त्याच दिवशी अख्खं गाव काउंटरवर आलं होतं.

मग गुरुवार यायला लागले. फोन टपाल वाचायचा, स्वच्छ, बिनचूक, एका दमात. पाणीकंपनीचं पत्र वाचताना त्यानं आंघोळीबद्दल चकार शब्द काढला नाही. चुलतभावानं दुसरा गुडघाही करून घेतला. गोसे "अरेरे" म्हणाला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. तो वेबसाइटवर जायचा, नुसताच. संपर्काच्या पानावर विचारलेलं असायचं, आपलं काम काय: जन्म, मृत्यू, विवाह, पत्ता, कुत्रा. तो यादी शेवटपर्यंत ऐकायचा आणि बाहेर पडायचा.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी हिस्केनं त्याला कालव्यावर गाठलं. ती आता साइटवर इतक्या तक्रारी करायची की नगरपालिकेत तिच्या नावानं कपाळावर आठ्या पडायच्या. कुंपण केव्हाच नवं झालं होतं.

"तू तिला फोन केलास का?" बेल्जियमच्या बाईनं विचारलं.

"कोणाला?"

बाई म्हणाली, "मला ही शिवी टाइप करायला वेळ लागेल, थांब." आणि खरंच लागला. मग तिनं आउक्येचा नंबर गोसेच्या फोनमध्ये घातला, आणि तो कापडी पिशवीसारखे हात लोंबकळत सोडून उभा राहिलेला पाहून स्वतःच बटण दाबून फोन त्याच्या कानाला लावला, आणि लांब जाऊन बदकांकडे बघत उभी राहिली.

"राइत्समा," पलीकडून आवाज आला. खरखरीत.

"मी आहे. येलेमा. गोसे."

"अगं बाई. येलेमांना काय झालं? वेबसाइट पडली का?"

"नाही. चालते."

"मग?"

"काही नाही. एक पत्र होतं."

"फोन वाचतो ना?"

"वाचतो. वाईट वाचतो."

"डाउवेंना सांगावं, अहवाल लिहितील." ती हसली, आणि त्या हसण्यासरशी इतके महिने आत राहिलेलं गोसेच्या तोंडातून निघून गेलं.

"आउक्ये, त्या दिवशी मी चुकीचं उत्तर दिलं."

पलीकडे बाळ काहीतरी बडबडत होतं. मग दार लोटल्याचा आवाज आला आणि बडबड दूर गेली.

"चुकीचं नव्हतं ते," ती म्हणाली. "मदत नव्हतीच लागत. दोन वर्षं पाकिटं डिंकानं चिकटवलेली यायची. मी तीस वर्षं पाकिटं उघडली आहेत, येलेमा."

गोसेला काठी कुठे टेकली आहे तेही समजेना.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"माहीत होतं म्हणून तर विचारलं. काउंटरच्या बदल्यात मला आपल्या ग्रंथालयात टेबल देत होते. आठवड्यातून दोन सकाळी. ज्यांना यंत्राशी बोलवत नाही, त्यांच्यासाठी. म्हणाले, कोणी येईल का पण? मी म्हटलं, विचारून सांगते."

"कोणाला विचारलंस?"

"येलेमांना."

कालव्यावरून एक मालवाहू बोट गेली. तिचं पाणी काठाला लागून परत गेलं. मग गोसे म्हणाला, "मला वाटलं तू मंडळाबद्दल विचारतेस."

"हो, ते लक्षात आलं माझ्या. नंतर. इथे आल्यावर." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं. "पण तेव्हा मी ऐकलं ते असं की हा माणूस म्हणतोय, नको. मीसुद्धा आल्डरसीलचीच. दुसऱ्यांदा थोडंच विचारणार होते?"

"ते टेबल अजून आहे?"

"टेबल असेल. त्यावर आता पुस्तकं परत घ्यायचं यंत्र का काय ते ठेवलंय म्हणे."

"मी झ्वोलेला येऊ शकतो. आगगाडीनं. गुरुवारी."

"गुरुवारी बाळ माझ्याकडे असतं."

"मग शुक्रवारी."

ती लगेच बोलली नाही. गोसेनं आयुष्यभर पडद्यांची, यंत्रांची आणि माणसांची शांतता ऐकली होती. कोणती शांतता वाट बघते आणि कोणती आवरून ठेवते हे त्याला कळायचं.

"इथे माझं आता बसलंय," आउक्ये म्हणाली. "लेकीनं मागची खोली दिली आहे. सकाळी बाळ, दुपारी गायन. पुन्हा उठून कोणाची वाट बघत बसायचं, हे नको वाटतं. येलेमांना कळतंय ना?"

"कळतंय."

"तिकडे मासे आले का चांगले?"

"मी घेत नाही हल्ली."

"घ्यावेत," ती म्हणाली. "खावंप्यावं नीट." बाळ दाराआड रडायला लागलं आणि ती आत गेली.

हिस्के परत आली तेव्हा गोसे फोन हातात धरून उभा होता. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, टाइप करायला घेतलं, आणि खोडून टाकलं. मग फोन खिशात घातला आणि त्याच्या कोपराला धरलं. इतर वेळी त्यानं हात सोडवून घेतला असता. कालव्याकाठचा तो रस्ता त्याला पाठ होता, आणि पाठ नसलेल्या रस्त्यावरसुद्धा तो कोणाला धरू देत नसे. त्या दिवशी त्यानं तिचा हात तसाच राहू दिला, आणि दोघं चौकाकडे निघाली.